गाडी ढकलत गेली तर शटर खाली

किस्से जमवावे लागत नाहीत हो. रोज एकाच बाकावर जाऊन बसत जा, ते आपोआप जमतात. कार्बोरेटरच्या वाटीत कसं, वरून पेट्रोल येत-जात राहतं आणि बारीक कचरा गुपचूप तळाला बसतो, तसं. आता माझ्या डोक्यातली वाटी इतकी भरलीय की एकदा उघडून साफ केल्याशिवाय माझी गाडी पुढं जायची नाही.

बाक आमच्या गोरेगावातला, मुंबईच्या नव्हे, हिंगोलीकडच्या. सेनगावला जाणाऱ्या जीपा थांबतात तिथं दत्तरावांचं चहाचं हॉटेल आहे, त्या हॉटेलचा. पण बाकाचं तोंड समोरच्या गफ्फारभाईंच्या गॅरेजकडं. मी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून रिटायर झालो. घरी बसलं की बायको वरच्या फळीवरचे डबे खाली काढायला लावते आणि संध्याकाळी तेच डबे वर ठेवायला लावते. म्हणून बाक!

गफ्फारभाई ब्रेक करतात, क्लच करतात, चेन बसवतात. पण ते सगळं पोटासाठी. जीव मात्र कार्बोरेटरमध्ये. कार्बोरेटरमधलं जेट म्हणजे पितळेचा एवढासा तुकडा, ज्वारीच्या दोन दाण्यांएवढा, आणि त्याला केसाएवढं भोक. ते जेट चिमटीत धरायचं, उन्हाकडं करून एका डोळ्यानं बघायचं, आणि ओठांत धरून तोंडानं फुंकर मारायची. चाळीस वर्षं झाली, पद्धत बदललेली नाही.

*

पहिला किस्सा माझ्याच फजितीचा. तो आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढं दुसऱ्यांना हसायला मी मोकळा.

माझी स्कूटर सुरू होईना. गफ्फारभाई कार्बोरेटर खोलून बसले. मला राहवलं नाही. म्हटलं, "एवढं काय खोलताय? पेट्रोल इंजिनात जातं, ठिणगी पडते, पेटतं. संपलं!"

"न्हाई सर," ते मान वर न करता म्हणाले. "पातळ पेट्रोल गेलं तर प्लग भिजतो अन् गाडी मरती. पेट्रोलचं आधी धुकं व्हावं लागतंय. धुकं हवेत बराबर मिसळलं, मंग पेटतंय."

"आणि हे धुकं करतं कोण?"

"हवा करती."

मी हसलो. हे माझं चुकलं. गफ्फारभाई उठले, माझ्या खिशातून लाल पेनाची संपलेली रिफिल काढली, पात्यानं तिचे दोन तुकडे केले. एक तुकडा माझ्या चहाच्या ग्लासात उभा धरला, दुसरा त्याच्या वरच्या तोंडाशी आडवा धरला, आणि आडव्या नळीतून जोरात फुंकर मारली. चहा उभ्या नळीतून सरसर वर चढला आणि फर्रकन बाहेर उडाला. उडाला कुठं? माझ्या पांढऱ्या शर्टावर! छातीभर बारीक ठिपके, मोठा थेंब एकही नाही.

"कारबेटरचा गळा मधी अरुंद असतो," ते म्हणाले. "तिथं हवा पळती. पळती म्हणून पेट्रोल वर वढती, अन् वढता वढता फोडून त्याचं धुकं करती. पेट्रोलला कुणी ढकलत न्हाई, सर. ते आपलं आपून येतंय. समजलं, का पुन्हा दाखवू?"

वेगवान हवेचा दाब कमी असतो, हे मी तीस वर्षं फळ्यावर बाणाबिणांसकट काढून दाखवलं. 'समजलं, का पुन्हा दाखवू' हे वाक्यसुद्धा माझंच! माझा अर्धा चहा अजून ग्लासात शिल्लक होता. मी म्हटलं, "समजलं!"

*

आता मुद्द्याची गोष्ट. ही कळल्याशिवाय पुढचं काहीच कळायचं नाही.

गफ्फारभाईंना एकच लेक, नसरीन. माझी विद्यार्थिनी. भाभी गेल्या त्या वर्षी ती दहावीत होती. पुढं तिनं ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केला आणि आता हिंगोलीच्या एका शोरूमच्या वर्कशॉपला सुपरवायझर आहे. म्हणजे लेकही गाड्यांचंच करते. फक्त तिच्या गाड्यांना कार्बोरेटर नसतो. नव्या गाड्यांना आता तो येतच नाही.

थंडीत गफ्फारभाईंचा खोकला थांबेना, म्हणून ती त्यांना हिंगोलीला डॉक्टरकडं घेऊन गेली. डॉक्टरनं एक्स-रे उजेडात धरला आणि सांगितलं, "जेटमध्ये तोंडानं फुंकणं आजपासून बंद. पेट्रोल छातीत चाललंय तुमच्या."

गफ्फारभाई म्हणाले, "डॉक्टरसाहेब, उद्या तुमाला कुणी म्हणलं, गळ्यातली ती नळी बंद करा, तर?"

डॉक्टर म्हणाला, "मी ती तोंडात घालत नाही!"

नसरीननं लगेच हवेचा कंप्रेसर आणून दिला. बटण दाबलं की हवा, तोंड लावायची गरज नाही. गफ्फारभाईंनी त्याला गॅरेजच्या कोपऱ्यात मानाची जागा दिली आणि त्यावर स्वच्छ धुतलेलं फडकं टाकलं. ते फडकं निघतं दोनच कामांना. शाळेतल्या पोरांच्या सायकलीत हवा भरायला, आणि दत्तरावांना बाकाखालचा कचरा उडवायचा असला तर. जेट? छे, जेट तोंडानंच!

मग एका रविवारी बाकासमोर बाप-लेकीचं जुंपलं.

"अब्बा, दुकान बंद करा अन् माझ्यासोबत चला. असं खोकून खोकून एक दिवस..."

"करीन बंद," गफ्फारभाई म्हणाले. आमचे चहाचे ग्लास हातातच राहिले. "ज्या दिवशी माझ्या दुकानातून एकबी गाडी ढकलत जाईल, त्या दिवशी शटर खाली. दुसऱ्या दिवशी हिंगोली. सर अन् दत्तराव साक्षीला."

"शब्द?"

"शब्द!"

पोरगी बापाचीच. तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी दत्तरावांना तिचा फोन येतो. "काका, या आठवड्यात कुणी ढकलत गेलं का?" बापाला विचारत नाही, कारण या एका विषयात बाप खोटं बोलेल. मलाही विचारत नाही. एकदा मी कारण विचारलं, तर म्हणाली, "सर, तुमी परीक्षेत बी पोरांना उत्तरं सांगायचात."

हे असं तोंडावर! पण खोटं म्हणता येत नाही.

तर तेव्हापासून बाकावरचा आमचा चहा काही सुखाचा राहिलेला नाही. समोर कुणी किक मारली आणि गाडी लागली नाही, की इकडं आम्ही दोघं बाकावरून अर्धे उठतो.

*

जवळा बाजार गावचा एक जावईबापू. सासरवाडी गोरेगावची. आठवडी बाजार करून सासरवाडीला आला की गाडी काळा धूर सोडायची, खोकायची, मधेच बंद पडायची. परत जाताना मात्र झक्कास! त्यानं चार मेकॅनिक केले, प्लग बदलले, हँडलला लिंबू-मिरची बांधली. शेवटी गफ्फारभाईंकडं येऊन हळूच म्हणाला, "भाई, सासूबाईंनी काई केलं तर नसंल?"

गफ्फारभाईंनी कार्बोरेटर खोलला, धुतला, फुंकला, बसवला. गाडी सुरेख चालली. पुढच्या बाजारच्या दिवशी जावईबापू पुन्हा हजर, मागं धुराचा लोट. गॅरेजच्या दारात येऊन गाडी जी मेली ती मेलीच. वीस किका मारल्या. दत्तराव माझ्या कानात म्हणाले, "सर, आज काई खरं न्हाई."

गफ्फारभाई गाडीभोवती एक चक्कर मारून हँडलपाशी थांबले. तिथं भाजीची पिशवी लटकत होती. कशाला? तर चोकच्या दांडीला! चोक ओढला की कार्बोरेटरची हवा बंद होते आणि नुसतं पेट्रोल आत ओढलं जातं. थंड इंजिन सुरू करताना मिनिटभर ठीक आहे. हा बाबा जवळा बाजारपासून इथवर चोक ओढून यायचा. पिशवी सासरी रिकामी झाली की दांडी आपोआप वर, आणि गाडी बरी!

गफ्फारभाईंनी पिशवी काढून त्याच्या हातात दिली, प्लग पुसून बसवला. पहिल्या किकला गाडी लागली.

"न्या," ते म्हणाले. "बाधा उतरली. दोन किलो वांगे व्हते."

*

ट्युनिंगच्या वेळी बोलायचं नाही, हा गॅरेजचा कायदा. गफ्फारभाई डोळे मिटून हवेचा स्क्रू हळूहळू पिळतात आणि इंजिनाचा आवाज ऐकतात. दत्तरावांना गॅसची शेगडीसुद्धा बारीक करावी लागते.

एकदा असं ट्युनिंग चालू असताना निवडणुकीच्या प्रचाराची गाडी आली, भोंगा फाडफाड वाजवत. गफ्फारभाईंनी डोळे न उघडता एक हात वर केला. गाडीतल्या उमेदवाराला वाटलं, स्वागत! भोंगा बंद करवून तो खाली उतरला आणि हात जोडून समोर उभा राहिला. गफ्फारभाईंनी स्क्रू पिळला, ऐकलं, अर्धा आटा मागं घेतला, पुन्हा ऐकलं. चांगली पाच मिनिटं गेली. उमेदवार आपला हात जोडून उभा.

शेवटी डोळे उघडून गफ्फारभाई म्हणाले, "झालं. आता वाजवा."

अख्ख्या प्रचारात तो माणूस गप्प राहिला तो तेवढाच. पाच मिनिटं का होईना, लोकांना बरं वाटलं.

*

साखरा गावचे कुंडलिकराव म्हणजे डोकेबाज माणूस. फवारणीच्या पंपाचं नोझल ते घरीच सुईनं मोकळं करायचे. एकदा गाडीचं पिकअप कमी वाटलं, तर म्हणाले, जेट म्हणजे तरी काय, नोझलच की! घेतली बायकोची गोधडी शिवायची सुई, आणि भोक मोकळं नाही, चांगलं ऐसपैस केलं.

मग काय! गाडी पाण्यासारखं पेट्रोल प्यायला लागली आणि पळेना. इथं आले ते भाच्याच्या गाडीला दोर बांधून. येताना ढकलत आलं, ओढत आलं, तर चालतं. शब्द ढकलत जाण्याचा आहे, येण्याचा नाही.

गफ्फारभाईंनी जेट उन्हाकडं धरलं आणि त्यांचा चेहराच उतरला. घरातलं कुणी आजारी पडल्यासारखा. "कुंडलिकराव, हे काहून केलं? एवढ्याशा भोकातून येतंय म्हणून तर त्याचं धुकं व्हतंय. मोठं केलं, आता धार लागून राहिली. धार जळत न्हाई."

"पर नोझलला तर चालतंय की!"

"पिकावर फवारा मारता तवा पीक पेटवायचं असतंय का?"

गफ्फारभाईंकडं बिस्किटाच्या डब्यात चाळीस वर्षांची जुनी जेटं आहेत. तासभर शोधून त्यातलं एक जुळलं. गाडी पळाली. जाताना कुंडलिकराव ते ऐसपैस भोकाचं जेट मागून घेऊन गेले. कशाला, ते विचारायची आमची हिंमत झाली नाही.

*

पुढचा किस्सा घडला तेव्हा मी नेमका बाकावर होतो, हे माझं भाग्य.

एक गृहस्थ कोरी गाडी घेऊन आले. "भाई, कारबेटर साफ करून द्या. जुन्या गाडीचा दिवाळीला करत व्हतो, हिचाबी करा."

गफ्फारभाई बसले शोधायला. टाकीखाली बघितलं, वाकून बघितलं, दुसऱ्या बाजूनं बघितलं. नव्या गाड्यांना नसतो हे ऐकून माहीत होतं, पण ऐकणं वेगळं आणि हातानं चाचपून न सापडणं वेगळं. उठून शांतपणे म्हणाले, "या गाडीला कारबेटर न्हाई."

गृहस्थांचा चेहरा पांढराफटक. "न्हाई म्हंजे? चोरीला गेला?"

"आधीपासूनच न्हाई."

झालं! गृहस्थ तडक हिंगोलीला, शोरूममध्ये, थेट सुपरवायझरच्या टेबलावर हात आपटून, "मॅडम, आमच्या गाडीत तुमी कारबेटर टाकलाच न्हाई! गोरेगावच्या गफ्फारभाईनं पकडलं!"

रात्री नाही, त्याच दुपारी नसरीनचा बापाला फोन. स्पीकर चालू होता, म्हणून आम्हीही ऐकला. "अब्बा, माझ्याकडं माणसं भांडायला काहून पाठवून राहिलात?"

मग तिनं समजावलं. धुकं तेच. फक्त इथं हवा पेट्रोल ओढत नाही. टाकीतला पंप पेट्रोल दाबानं नोझलपर्यंत ढकलतो, आणि किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो.

गफ्फारभाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे तुमच्यात पेट्रोलच ढकलत न्यावं लागतंय. गाडीचं काय घेऊन बसलीस!"

पलीकडून फोन कट.

*

आता शेवटचा. हा मी कुणाला सांगितलेला नाही.

परवाच्या रविवारी नसरीन स्वतःच्या नव्या स्कूटरवर घरी आली होती. अर्थातच बिनकार्बोरेटरची. ऊन फार म्हणून गफ्फारभाईंनीच ती स्कूटर गॅरेजमध्ये सावलीला घेतली. जेवणं झाली, बापासाठी आणलेली औषधं देऊन झाली. चारच्या सुमारास ती निघाली. बटण दाबलं. गाडी लागेना.

पुन्हा दाबलं. नाहीच. तिनं सीट उचललं, फ्यूज बघितले, टाकीपाशी कान नेला. "पंप आवाज देईना," ती म्हणाली. "पंपच गेला. पार्ट हिंगोलीला मिळंल."

गफ्फारभाई स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले. स्कूटरभोवती एक चक्कर मारली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "नसरीन, पिळायचं कुठं?"

"अब्बा, यात पिळायला काई नसतं."

"अन् फुंकायला?"

"फुंकायला बी न्हाई."

ते स्टुलावर बसले. एरवी मी हसलो असतो. त्यांना खोकल्याची उबळ आली, ती थांबता थांबेना. नसरीन पाण्याचा ग्लास धरून शेजारी उभी राहिली.

वर्कशॉपला फोन करून तिनं टेम्पो मागवला. टेम्पो यायला तास लागला. तो तासभर सगळ्यांच्या मनात एकच. ही गाडी आता सुरू होऊन बाहेर जाणार नाही. दर रविवारी ती जे विचारायची ते आज घडणार होतं, आमच्या दोघांच्या साक्षीनं, तिच्याच गाडीला. डॉक्टरचं ऐकायचं तर मला आनंद व्हायला हवा होता. खरं सांगतो, मला रडू येत होतं.

टेम्पो गॅरेजच्या दाराशी उलटा लागला. ड्रायव्हरनं मागचं फाळकं पाडून गाडी चढवायला फळी टेकवली. गफ्फारभाई उठले आणि कोपऱ्यातून शटर ओढायचा आकडा घेऊन आले.

"शब्द म्हंजे शब्द," ते म्हणाले. "चला दत्तराव, लावा हात."

दत्तरावांनी जड मनानं ढकलायला स्कूटरच्या सीटला हात लावला.

"काका, थांबा!" नसरीन ओरडली. "ढकलायचं न्हाई."

"मंग?"

"उचला."

ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, फळी लावलीय की! आरामात चढंल."

"फळी काढा."

त्यानं आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि फळी काढली. जीपची वाट बघत उभे असलेले दोघं आले. पुढचं चाक नसरीननं धरलं, मधे ड्रायव्हर आणि ते दोघं, मागं दत्तराव आणि मी. मला वजन उचलायची डॉक्टरची मनाई आहे. पण डॉक्टरचं ऐकायची आमच्या बाकावर पद्धत नाही. उचलली! शंभर किलोचं ते धूड घेऊन एक एक पाऊल टाकत आम्ही दाराकडं निघालो. उंबऱ्यापाशी माझा हात घसरला.

मागून गफ्फारभाई ओरडले, "सर! मागचं चाक खाली चाललं! टेकू देऊ नका, वर घ्या, वर!"

घेतलं वर.

टेम्पो निघाला. नसरीन ड्रायव्हरशेजारी बसली होती. तिनं वळून बघितलं नाही. आम्ही धापा टाकत बाकावर बसलो. गफ्फारभाईंनी आकडा कोपऱ्यात ठेवला आणि एक जेट उन्हाकडं धरून बघत बसले. टेम्पो वळणाआड गेला न गेला, तोच दत्तरावांचा फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर घेतला.

"काका, आज रविवार. या आठवड्यात कुणी ढकलत गेलं का?"

दत्तरावांनी समोर बघितलं. गफ्फारभाईंनी जेट अजून ओठांना लावलं नव्हतं.

"न्हाई बाई," दत्तराव म्हणाले. "कुणीच न्हाई."

"बरं. मंग अब्बांना म्हणावं, कंप्रेसरवरचं फडकं काढा."